मोटारी काढल्या, जनावरे हलवली, टाक्यांचे काय?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अहिल्यानगर

महोदय,


गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग वाढला की गोदाकाठच्या मोबाइलवर सूचना येऊन धडकते. तिचा मजकूर आता आम्हाला पाठ आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, पात्रातील विद्युत मोटारी काढून घ्याव्यात, जनावरे सुरक्षित ठिकाणी हलवावीत. सूचना चांगली आहे, तिने अनेकांच्या मोटारी वाचवल्या आहेत. पण त्याच काठावर मद्यार्काच्या, गंधकाम्लाच्या, मळीच्या टाक्या उभ्या आहेत. त्यांचे काय करावे, हे त्या सूचनेत एका शब्दानेही नसते. हे पत्र त्या एका राहून गेलेल्या ओळीसाठी आहे.

पत्र लिहायचे कारण तसे दूरचे आहे. रासायनिक कारखान्यांना सुनामीचा धोका किती, तो कसा मोजायचा आणि त्यासाठी तयारी काय करायची, यावर जगात 2011 नंतर बराच विचार झाला. अहिल्यानगरला समुद्र नाही. मध्ये सह्याद्री आहे आणि सुनामी माळशेज घाट चढून येत नाही, हे मलाही कळते. कोकणातल्या आपल्या सहकाऱ्यांना ती चिंता जरूर आहे. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि त्यांत माणसे गेली होती. आपल्याकडे लाटेचा रस्ता वेगळा आहे. ती डोंगराकडून, धरणाच्या दरवाजातून येते. टाकीच्या पायाशी पाणी पोचले की ते खारे आहे की गोडे, याने टाकीला काही फरक पडत नाही.

जपानमध्ये काय झाले ते आधी सांगतो. 11 मार्च 2011 च्या सुनामीत केसेनुमा बंदराच्या तोंडाशी तेलाच्या 23 टाक्या होत्या. त्यांतल्या 22 वाहून गेल्या. तेल खाडीत पसरले, पेटले आणि पाण्यावरची आग किनाऱ्याला लागली. फुकुशिमात अणुभट्ट्या भूकंपाने आपोआप बंद झाल्या होत्या. घात केला तो खालच्या मजल्यांवर ठेवलेल्या जनरेटरांत आणि वीज-फलकांत शिरलेल्या पाण्याने. त्याआधी 26 डिसेंबर 2004 ला आपल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रातही समुद्राचे पाणी पंपघरात शिरले होते. पण मुख्य इमारती उंचावर होत्या, चालू असलेली भट्टी सुरक्षित बंद करता आली. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: कोणती वस्तू जमिनीपासून किती उंचीवर ठेवली आहे?

सुनामी सोडा, नुसत्या नदीच्या पुरानेही हेच घडते. ऑगस्ट 2002 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या नेरातोविचे गावी एल्ब नदीचे पाणी स्पोलाना या रासायनिक कारखान्यात शिरले आणि क्लोरीनची गळती झाली. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर गृहीत धरून तिथे बंदोबस्त केलेला होता. पाणी त्याच्याही वर गेले. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात क्रॉस्बी इथे अर्केमा कंपनीच्या कारखान्यात वादळी पावसाचे पाणी भरले. वीज गेली, पर्यायी वीजही गेली, थंड ठेवावी लागणारी सेंद्रिय पेरॉक्साइडे तापली आणि एकेक ट्रेलर पेटत गेला. दीड मैलाच्या परिघातली दोनशेहून अधिक माणसे घरे सोडून गेली. चौकशीत निघालेली एक गोष्ट मला फार बोचली. पुराचा धोका विमा कंपनीच्या पाहणीत आधीच नोंदवलेला होता, पण कारखान्यात काम करणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. कागद होता, तो चुकीच्या कपाटात होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

इथले साखर कारखाने नदीजवळ आहेत ते काही कुणाच्या हलगर्जीपणामुळे नाहीत. ऊस पाण्याजवळ, कारखाना उसाजवळ, असा तो हिशेब होता. गोदावरीकाठी कोपरगाव तालुक्यात साकरवाडीचा कारखाना 1939 पासून आहे. आज तिथे साखरेपेक्षा उसापासून बनणाऱ्या रसायनांचा पसारा मोठा आहे, इथाइल ॲसिटेट हे त्यांतले एक. प्रवरेच्या खोऱ्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना 1950 चा. त्यानंतर कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव अशी रांगच लागली. पाटबंधारे खात्याने निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या त्या पुष्कळ नंतर. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. घरबांधणीचा नकाशा मंजूर करताना नगरपालिका त्या रेषा पाहते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या टाकीला त्या कुणी दाखवल्या?

साखर कारखाना म्हणजे साखर, गूळ, गोड वास असे लोकांना वाटते. मी आयुष्यभर डिस्टिलरीत काम केले आहे, म्हणून आतले सांगतो. मळीचा सामू उतरवायला गंधकाम्ल लागते. बॉयलिंग हाऊसची इव्हॅपोरेटर धुवायला कॉस्टिक सोडा लागतो. साखर पांढरी करायला गंधक जाळावे लागते. मद्यार्काचे साठे तर आहेतच, आणि पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आल्यापासून ते वाढतच चालले आहेत. दहा वर्षांपूर्वीचा आराखडा आजच्या टाक्यांना पुरा पडणार नाही. शेवगाव तालुक्यात गंगामाई कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला 25 फेब्रुवारी 2023 ला लागलेली आग आपल्याकडच्या लोकांनी पाहिली आहे. तेव्हा फेब्रुवारी होता. रस्ते कोरडे होते, बंब पोचू शकत होते. तीच आग ऑगस्टच्या मध्यरात्री, भोवती कमरेएवढे पाणी असताना लागली तर? मद्यार्क पाण्यात विरघळतो म्हणून पुरात आपोआप विझेल, अशी समजूत शिकलेल्या लोकांतही आहे. निम्मे पाणी मिसळलेला मद्यार्कसुद्धा आपल्याकडच्या नेहमीच्या हवेत ठिणगीने पेटू शकतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र कारखान्यांतल्याही फार लोकांचे लक्ष नसते. रिकामी घागर पाण्यात बुडत नाही, तशी रिकामी टाकीही. हिशेब साधा आहे. दहा मीटर व्यासाची टाकी घ्या. तिच्याभोवती मीटरभर पाणी चढले तर ते तिला साधारण 78 टनांनी वर ढकलते. दहा मीटर उंचीच्या अशा पोलादी टाकीचे स्वतःचे वजन पंचवीस-तीस टन असते. म्हणजे ती रिकामी असेल आणि पायाला नांगरबोल्टने बांधलेली नसेल, तर फूट-सव्वा फूट पाण्यात तिचा तळ जमीन सोडू लागतो. ती सरळ वर जात नाही, तिरकी होते, आणि तिला जोडलेली पाइपलाइन पहिल्यांदा तुटते. शेजारची भरलेली टाकी त्याच लाइनवर असेल तर तिच्यातला माल बाहेर येतो. उपायही साधा आहे. बाहेर जितके पाणी येऊ शकते, त्याच्या निदान दीडपट उंचीचा माल पावसाळ्यात प्रत्येक टाकीत ठेवायचा. माल नसेल तर पाणी भरायचे, नाहीतर टाकी बांधून घ्यायची.

आता यात आपल्या हंगामाची गंमत पाहा. गंमत म्हणतो, पण हसण्यासारखी नाही. गळीत दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये संपते. मळीच्या टाक्या तेव्हा काठोकाठ असतात. पुढे डिस्टिलरी ती मळी वापरत जाते आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत टाक्या तळाला लागतात. गोदावरी-प्रवरेला मोठे पूर येतात तेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच. म्हणजे टाक्या सर्वांत हलक्या असताना पाणी सर्वांत वर येते. त्याच दिवसांत बिगर हंगाम म्हणून हंगामी कामगार घरी गेलेले असतात, दुरुस्तीसाठी अर्ध्या पाइपलाइनी उघडलेल्या असतात आणि रात्रपाळीला मोजकी माणसे असतात. टाक्यांभोवतीच्या डाइकचा, म्हणजे गळती अडवणाऱ्या भिंतीचा, निचरा-व्हॉल्व्ह पावसाचे पाणी साचू नये म्हणून उघडा ठेवलेला असतो. नदी आत यायला तो रस्ता पुरेसा असतो.

धोका फक्त कारखान्यांचा असता तर यादी छोटी झाली असती. जिल्ह्यात दूध संकलनाची आणि प्रक्रियेची जी केंद्रे आहेत, त्यांतल्या मोठ्यांत शीतकरणासाठी अमोनिया वापरतात. पाणीपुरवठा योजनांच्या शुद्धीकरण केंद्रांत क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, असतात, आणि पाणी नदीतून उचलायचे म्हणून यांतली काही केंद्रे नदीपासून फार लांब नाहीत. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो सखल भागात साचतो. कृषी सेवा केंद्रांच्या गोदामांत कीटकनाशकांचे डबे जमिनीवरच रचलेले असतात. शहरालगत नागापूरची औद्योगिक वसाहत सीनेजवळ आहे, आणि सीना फुगली की नगरचा कल्याण रस्ता बंद होतो हे आपल्या कार्यालयाला कुणी सांगायला नको. 2025 च्या सप्टेंबरात तर ज्या पाथर्डी-शेवगावकडे आपण दुष्काळाच्या फायली घेऊन पाहत आलो, तिथे पुराने शेते खरवडून नेली. ‘आमच्याकडे पूर येत नाही’ हे उत्तर त्या महिन्यात निकालात निघाले.

पाणी किती येऊ शकते? 2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नांदूर मध्यमेश्वरमधून दोन लाखांहून अधिक क्युसेक विसर्ग झाला होता. तो दरवाजे उघडून, मोजून, कळवून केलेला विसर्ग होता. न कळवता येणारे पाणी कसे असते हे पुण्याने 12 जुलै 1961 ला पाहिले. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले. आपल्या जिल्ह्यात प्रवरेवरचे भंडारदरा 1926 मध्ये पूर्ण झालेले, 11 टीएमसीचे धरण आहे. 1969 मध्ये त्याच्या बांधकामाला तडे गेल्याचे दिसले आणि पुढे त्याला टेकूच्या भिंती देऊन ते मजबूत करण्यात आले. आज ते भक्कम आहे, यात मला शंका नाही आणि मला कुणाला घाबरवायचेही नाही. पण त्याच्या खाली आता निळवंडे धरण आहे, मुळेवर 26 टीएमसीचे धरण आहे, आणि या सगळ्यांच्या खाली अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे आहेत. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. जुन्या धरणांसाठी पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा करणे त्याने बंधनकारक केले, म्हणजे मुदत 30 डिसेंबर 2026 ची. त्या आराखड्यात कोणता भाग किती पाण्याखाली जाईल याचे नकाशे असतात. गावे, पूल, शाळा त्यावर दाखवतात. त्याच नकाशावर मद्यार्क, अमोनिया, क्लोरीन आणि ॲसिडच्या साठ्यांचे लाल ठिपकेही दाखवा, एवढेच मागणे आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. पाटबंधारे खाते आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांना एका टेबलाशी बसवावे लागते, आणि हे आपल्याशिवाय जिल्ह्यात कुणाला जमणार नाही.

कारण आपण एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसता. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 प्रमाणे आपण जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, पूर तिथे येतो. रासायनिक अपघातांबाबतच्या 1996 च्या नियमांप्रमाणे आपणच जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष आहात, वायुगळती आणि आग तिथे येते. त्या नियमांनुसार जिल्हा गटाची बैठक दर 45 दिवसांनी आणि औद्योगिक पट्ट्यातल्या स्थानिक गटाची दर महिन्याला व्हायला हवी. 1989 च्या घातक रसायनांबाबतच्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यात दर सहा महिन्यांनी आतली रंगीत तालीम आणि वर्षातून एकदा बाहेरच्या गावांसह तालीम घ्यायची असते. भोपाळच्या वायुगळतीनंतर हे सगळे लिहिले गेले. त्याच सुमारास, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात 41-ब हे कलम घालून आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणे कारखान्यावर बंधनकारक केले. कागद पुरेसे आहेत.

अडचण अशी की हे दोन्ही आराखडे एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात. वायुगळतीचा आराखडा म्हणतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला निघा. पुराचा आराखडा म्हणतो, उंचावर चला. उंचावर नेणारा रस्ता वाऱ्याच्या दिशेला असेल तर गावाने काय करायचे? नदीचा लहान पूल पाण्याखाली असेल तर बंब कुठून येणार? आणि बंबाचे आणखी एक. आपल्याकडे खेड्यापाड्यांत आग लागली की पुष्कळदा पहिला धावून येतो तो साखर कारखान्याचा बंब. पुरात ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, रुग्णवाहिका आणि वसाहतीतला हॉलही कारखानाच देतो. ही मदत मोठी आहे, तिची कदर व्हायला हवी. पण कारखान्यातच पाणी शिरले तर तालुक्याचे अर्धे बचाव दल त्याच रात्री नाहीसे होते. शिवाय खबरदारी म्हणून महावितरण फीडर बंद करते तेव्हा शीतकरणाचे कॉम्प्रेसर, आगीचे पंप, सायरन, सगळेच गप्प होते. जनरेटर जमिनीलगतच्या खोलीत असेल तर पुढचे सांगायला नको.

म्हणून माझी विनंती फार बारीक आहे. प्रत्येक धोकादायक साठ्याला एक क्युसेकचा आकडा द्या. अमुक विसर्गाला नदी कारखान्याच्या कुंपणाला लागते, तमुक विसर्गाला डाइकच्या भिंतीला, आणि त्याच्या वर गेली की जनरेटरला. हे आकडे पाटबंधाऱ्याच्या गणितातून आणि गावातल्या जुन्या माणसांनी भिंतीवर केलेल्या पूरखुणांतून काढता येतात. मग त्या प्रत्येक आकड्यापुढे एक काम लिहायचे: निचऱ्याचे व्हॉल्व्ह बंद, टँकर बाहेर, रिकाम्या टाक्यांत पाणी, क्लोरीनचे टनर साखळीने बांधलेले, संयंत्र थांबवलेले, रात्रपाळीची माणसे वरच्या मजल्यावर. विसर्गाची सूचना येईल तेव्हा कारखान्याच्या शिफ्ट इनचार्जला विचार करत बसावे लागू नये. त्याने आकडा वाचावा आणि त्यासमोरचे काम करावे. संयंत्र सुरक्षित थांबवायला काही तास लागतात, हे मात्र गंगापूर-दारणा धरणांचे दरवाजे हलवणाऱ्यांनाही माहीत असायला हवे. नाशिकच्या नियंत्रण कक्षाशी आपले बोलणे त्यासाठी लागेल, कारण पाणी त्यांच्या जिल्ह्यातून निघते आणि टाक्या आपल्या जिल्ह्यात आहेत. पुढे जायकवाडीत ते पोचते तेव्हा तो प्रश्न छत्रपती संभाजीनगरचा होतो, आणि जायकवाडीचा नाथसागर जलाशय हे मराठवाड्याचे पिण्याचे पाणी आहे. स्पेंटवॉशची, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याची, साठवण-तळी पुरात फुटली तर मेलेले मासे मोजायला तिकडचे लोक येतील.

कारखान्यांच्या संचालक मंडळांनाही या निमित्ताने दोन शब्द. निवडणुका, उसाचा दर, तोडणी-वाहतूक या रेट्यात सुरक्षेचा विषय सभेत शेवटून दुसरा असतो आणि चहा आला की संपतो. टाकीला नांगरबोल्ट मारायचा आणि जनरेटरला उंच चौथरा बांधायचा खर्च एका हंगामाच्या रंगरंगोटीहून जास्त नसेल. लोकांना माहिती दिली तर कारखान्याची बदनामी होते, ही भीतीही सोडावी. गावात प्रत्येक घरातला कुणी ना कुणी त्याच कारखान्यात कामाला आहे. आत काय आहे हे गावाला ठाऊक असतेच, पळायचे कुठे एवढेच ठाऊक नसते.

याबरोबर आणखी तीन गोष्टी मागतो. पूरप्रवण भागातल्या घातक रसायनांच्या साठ्यांची यादी, दुग्धप्रकल्प आणि जलशुद्धीकरण केंद्रांसह, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि संबंधित ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावी. कोपरगाव आणि प्रवराकाठच्या एका तालुक्यात, पूर आणि गळती एकाच वेळी घडली असे धरून, रात्रीची संयुक्त रंगीत तालीम घ्यावी. दिवसा, मंडप घालून, पाहुण्यांच्या सोयीने घेतलेली नको. आणि विसर्गाच्या सूचनेत मोटारी व जनावरांच्या पुढे तिसरे वाक्य टाकावे: नदीकाठच्या उद्योगांनी आपल्या ठरलेल्या पातळीची कार्यवाही सुरू करावी.

पावसाळापूर्व आढाव्याची बैठक दरवर्षी होते. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि तालमीची तारीख त्याच बैठकीत जाहीर करावी, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
गोदाकाठचा एक निवृत्त डिस्टिलरी कर्मचारी